बिघडलेला घाणा: बीअर, विरजण आणि डब्लिनमधली एक फुटलेली बाटली

आजचा भाग एका आवाजापासून सुरू होतो.

फेब्रुवारी महिना, रात्रीचे साडेअकरा, डब्लिनमधला आमचा भाड्याचा फ्लॅट. मी लॅपटॉपवर ऑफिसचा एक अडलेला इश्यू बघत बसलो होतो आणि स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला. आधी वाटलं सिलिंडर फुटला. मग लक्षात आलं, इथे सिलिंडर नाहीच. धावत गेलो तर माझा रूममेट, परभणीचा पोरगा, सिंकखालच्या कपाटासमोर उकिडवा बसलेला, डाव्या हाताने उजवा तळवा दाबून धरलेला, आणि फरशीवर फेस आणि रक्त. तो पातेलं काढायला वाकला होता. कपाटात मी भरून ठेवलेल्या बाटल्यांपैकी एक फुटली होती. मी टॉवेल आणून त्याचा हात बांधत असताना दुसरी फुटली.

तीन टाके पडले. बाटल्यांत होती मी घरी केलेली बीअर. माझी चौथी बॅच. आणि दवाखान्यातून परत येताना टॅक्सीत मी त्याला काय सांगितलं माहितेय? "बाटल्याच हलक्या क्वालिटीच्या निघाल्या रे."

हे वाक्य लक्षात ठेवा. आजचा सगळा इतिहास याच वाक्याच्या आसपास फिरतो. घाणा बिघडला की माणूस लगेच कुणावर तरी बोट ठेवतो, आणि ते बोट बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतं. बीअर करणाऱ्यांनी ते योग्य जागी ठेवायला शिकून घेतलं, त्याला पन्नासेक वर्षं लागली. त्या पन्नास वर्षांत एक तुकडा आपल्या परळचाही आहे.

पण आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. मी वरवट बकालचा. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, वर सातपुडा, खाली पूर्णा. आमच्या घरात दारू हा शब्द हळू आवाजात उच्चारला जातो, कारण माझे धाकटे काका हातभट्टीने गेले. मी तेव्हा आठवीत होतो. त्यामुळे हा भाग 'प्या, मजा करा' असला नाहीये. आणि दुसरं, आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मी केलं ते आयर्लंडमध्ये, जिथे स्वतःपुरती घरी करायला हरकत नाही. ब्रिटनने घरच्या बीअरवरची परवान्याची अट १९६३ ला काढली, अमेरिकेने १९७८ ला कायदा बदलला. आपल्याकडे तसं काही झालेलं नाही. हे ऐकून वरवटला बादली लावू नका.

आणखी एक, कारण हा गोंधळ नेहमी होतो. बिघडलेली बीअर आंबट होते, वास मारते, फार तर बाटली फोडते. ती पिऊन सहसा कुणी मरत नाही. २०१५ ला मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. कारखान्यात वापरायचं विषारी अल्कोहोल दारू म्हणून विकलं गेलं होतं. तो बिघडलेला घाणा नव्हता, तो धंदा होता.

आता बीअर म्हणजे काय ते एका दमात. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. गरम पाण्यात ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते. ते गोड पाणी हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं, आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस सोडतं. बस. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना यातला अर्धा भाग माहीत आहे. पाणी रोज बदललं नाही की त्या गव्हाचं काय होतं, तेही माहीत आहे. गोड, कोमट, पौष्टिक पाणी म्हणजे जंतूंचं लग्नाचं जेवण. आपण बोलावतो एकाला, येतात शंभर.

माझी पहिली बॅच आंबट झाली. यीस्टचं पाकीट जुनं असणार, असं म्हणालो. दुसऱ्या बॅचला यीस्ट बदललं, सोबत माल्टही बदललं, उकळण्याची वेळही कमी केली. पुन्हा आंबट. आता दोष माल्टचा. तिसऱ्या वेळी वैतागून बादली ब्लीचने घासली आणि नीट धुतली नाही. ती बॅच आंबट झाली नाही, पण तिला दवाखान्याचा वास आला. क्लोरीन आणि बीअरमधले फिनॉल एकत्र आले की असं होतं. म्हणजे मी एक बग काढताना दुसरा घातला होता. आणि मंडळी, मी इंजिनिअर आहे. ऑफिसात कुणी एका कमिटमध्ये तीन गोष्टी बदलल्या तर मी त्याला दहा कॉमेंट टाकतो. घरी वही नव्हती, तारीख नव्हती, मोजमाप नव्हतं. फक्त मतं होती.

आता मागे जाऊ. १८५६, फ्रान्समधलं लील हे शहर. तिथल्या विद्यापीठात लुई पाश्चर नावाचा तिशीतला रसायनशास्त्राचा प्राध्यापक, विज्ञान शाखेचा डीन. त्याच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा, बिगो यांचा, बीटापासून अल्कोहोल करायचा कारखाना होता. काही टाक्या नीट चालायच्या, काही आंबट होऊन वाया जायच्या. बिगो मदत मागायला आले.

त्या काळी मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांचं मत काय होतं? की आंबणं ही मेलेल्या, कुजणाऱ्या पदार्थाची रासायनिक क्रिया आहे. यीस्ट जिवंत असो नसो, फरक पडत नाही. पाश्चरने वाद घालण्याआधी एक साधं काम केलं. चांगल्या टाकीतला थेंब आणि बिघडलेल्या टाकीतला थेंब, दोन्ही मायक्रोस्कोपखाली ठेवले. चांगल्या टाकीत गोलगोल यीस्ट. बिघडलेल्या टाकीत त्यांच्यासोबत बारीक काड्यांसारखं काहीतरी, आणि त्या टाकीत लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यात असतं ते. १८५७ ला त्याने मांडलं की तो आंबटपणा त्या काड्यांचं, एका वेगळ्या जिवाचं, काम आहे.

मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे दुसरा थेंब. नुसत्या बिघडलेल्या टाकीकडे बघून काही कळलं नसतं. त्यात काय असायला नको होतं हे चांगल्या टाकीने सांगितलं.

पुढे १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला आणि पाश्चरने सूड घ्यायचं ठरवलं, तोही बीअरने. जर्मनांपेक्षा चांगली बीअर करायची! १८७१ च्या सप्टेंबरात तो लंडनच्या व्हिटब्रेड या मोठ्या ब्रूअरीत गेला. त्यांचं यीस्ट मायक्रोस्कोपखाली बघून म्हणाला, यात घाण आहे, तुमचा माल परत येत असणार. मालकांची पंचाईत झाली, कारण माल खरंच परत येत होता. आठवड्याने तो पुन्हा गेला तेव्हा त्यांनी मायक्रोस्कोप विकत घेतलेला होता. १८७६ ला त्याचं बीअरवरचं पुस्तक आलं. सूड काही फार साधला नाही म्हणा, जर्मन बीअर जर्मनच राहिली.

पण पाश्चरचं उत्तर अर्धं होतं, आणि ते अर्धं आहे हे एका मोठ्या नुकसानीमुळे कळलं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट विरजणाची आहे.

आमच्याकडे दह्याला तार सुटायला लागली की आई वाटी घेऊन शेजारी जाते. "माय, थोडं इर्जन द्या बरं." दुसऱ्या घरचं विरजण लावलं की दही पुन्हा कापता येईल असं घट्ट. लहानपणी मला वाटायचं की शेजारच्या म्हशीतच काहीतरी भारी आहे. तर कोपनहेगनच्या जे. सी. जेकबसनने १८४५ ला हेच केलं, फक्त वाटी घेऊन तो म्युनिकला गेला. तिथल्या श्पाटेन ब्रूअरीतून त्याने यीस्ट मागून घेतलं आणि घोडागाडीने घरी निघाला. वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून तो यीस्टच्या डब्यांवर थंड पाणी ओतायचा, म्हणजे ते मरू नये. त्या विरजणावर १८४७ ला त्याची नवी ब्रूअरी उभी राहिली. तिचं नाव त्याने मुलाच्या नावावरून ठेवलं, कार्ल्सबर्ग. प्रत्येक घाण्यातलं थोडं यीस्ट काढायचं, पुढच्या घाण्याला लावायचं. जवळपास चाळीस वर्षं. अगदी आपल्या दह्यासारखं.

आणि १८८३ ला कार्ल्सबर्गची बीअर आजारी पडली. कडू, वास मारणारी. ब्रूअरी स्वच्छ होती. पाश्चरच्या पद्धतीने तपासलं तर काड्या नव्हत्या, जंतूंचा मागमूस नव्हता. मायक्रोस्कोपखाली सगळं गोल, सगळं यीस्ट. मग दोष कुणाचा? पाण्याचा? जवाचा? हवेचा?

कार्ल्सबर्गच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन होता. हा माणूस तरुणपणी घरं रंगवायचं काम करायचा, शिकला उशिरा. त्याने प्रश्नच बदलला. दिसतंय ते सगळं यीस्ट आहे, पण ते एकच यीस्ट आहे का? त्याने यीस्टचं पाणी इतकं पातळ केलं, इतकं पातळ केलं, की एका थेंबात सरासरी एखादीच पेशी यावी. त्या एका पेशीपासून वाढवलेलं कुटुंब एका भांड्यात, दुसऱ्या पेशीचं दुसऱ्या भांड्यात. मग प्रत्येकापासून वेगळी बीअर केली. निघालं असं की कार्ल्सबर्गच्या त्या पवित्र विरजणात चार वेगवेगळी यीस्ट राहत होती, आणि चांगली बीअर त्यातलं फक्त एकच करत होतं. बाकीची पाहुणी म्हणून आलेली आणि घरच बळकावून बसलेली. १२ नोव्हेंबर १८८३ ला त्या एका शुद्ध यीस्टवर पहिला घाणा लागला.

मायक्रोस्कोप खोटं बोलला नव्हता. तो विचारलं तेवढंच सांगत होता. सारखी दिसणारी यीस्ट काय करतात हे बघायचं तर त्यांना वेगळं करून कामाला लावावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं होत नाही.

जेकबसनने हे यीस्ट लपवून ठेवलं नाही. इतर ब्रूअरींना फुकट वाटलं. ज्या माणसाने म्युनिकहून मागून आणलं होतं त्याने ते जगाला परत दिलं, असं म्हणायला हरकत नाही. याच प्रयोगशाळेत १९०९ ला सोरेन्सनने पीएच ही आम्लता मोजायची पट्टी काढली, जी आज तुमच्या गावच्या माती परीक्षणाच्या कार्डावर असते. आणि शुद्ध विरजण सांभाळायची ही पद्धत आता सगळीकडे आहे. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे यीस्टसुद्धा नंबर लावून जपलेली आहेत. एका अर्थी देशाचं विरजणाचं कपाट.

आता परळ.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. पाश्चरच्या पॅरिसच्या संस्थेत काम केलेला वाल्देमार हाफकिन मुंबईत आला आणि प्लेगची लस करायला बसला. आता लस करणं आणि बीअर करणं यात तेव्हा फार फरक नव्हता. रश्शासारख्या द्रवात जंतू वाढवायचे, आठवडेच्या आठवडे. हाफकिनने त्यात तुपाचे थेंब तरंगत ठेवले होते, जंतू त्या थेंबांना लोंबकळून खाली वाढायचे. मग तापवून मारायचे, कार्बोलिक घालायचं, बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिली लस स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये मोठी प्रयोगशाळा झाली, आणि तिथून लाखो डोस गेले.

३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुलकोवाल. १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. बाटली क्रमांक ५३-एन.

चौकशी समिती बसली, मुंबईच्या सरन्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली. निष्कर्ष: बाटली परळलाच दूषित झाली. हाफकिनने लस करायची पद्धत थोडी बदलली होती, कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर दिला होता, मग दोष त्या बदलाचा. त्याला कामावरून दूर केलं, तो इंग्लंडला परत गेला.

तुम्हाला कळतंय ना काय झालं? जो बदल शेवटी झाला होता त्याच्यावर बोट. आपल्याकडे रिलीजनंतर काही मोडलं की शेवटचा कमिट कुणाचा ते बघतात, तसं. पण नोंदी वाचल्या तर वेगळंच दिसत होतं. बाटली उघडताना डॉक्टरने वास घेतला होता, वाईट वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू त्यात इतके दिवस वाढले असते तर वास आला असता. आणि उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट न उकळता पुन्हा बुचाला लावला होता. म्हणजे घाण आली ती मुलकोवालच्या मातीतून, बाटली उघडताना. मलेरियाचा डास शोधणारा रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले, १९०७ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचं पत्र आलं. तो निर्दोष ठरला, भारतात परतही आला, पण पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ ला परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ५३-एन माहीत असेल, कोण जाणे.

मुलकोवालची गोष्ट वाचली तेव्हा मला टॅक्सीतलं माझं वाक्य आठवलं. बाटल्या हलक्या होत्या म्हणे.

आता शेवटचा माणूस, आणि हा माझ्या डब्लिनचा. ज्या शहरात मी वर्षभर राहिलो तिथे सेंट जेम्स गेटला गिनेसची ब्रूअरी आहे. १७५९ ला ९,००० वर्षांच्या कराराने घेतलेली जागा, वर्षाला ४५ पौंड भाडं. (पुण्यात अकरा महिन्यांचा करार करताना मला ही ओळ नेहमी आठवते.) तिथे १८९९ ला विल्यम सीली गॉसेट नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा नोकरीला लागला. ऑक्सफर्डमधून रसायन आणि गणित शिकून आलेला. आजच्या भाषेत फ्रेशर.

त्याच्यासमोरचा प्रश्न असा. दोन जातींच्या जवापासून माल्ट केलं. एकाची बीअर जरा बरी आली. ती जात खरंच बरी, की योगायोग? हजार वेळा करून बघितलं तर कळेल, पण ब्रूअरीत हजार वेळा कोण करणार? शेतावरचा एक प्रयोग म्हणजे एक वर्ष. हातात असतात चार आकडे, फार तर सहा. त्या वेळचं संख्याशास्त्र मोठमोठ्या आकड्यांसाठी होतं. चार आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे कुणी सांगत नव्हतं.

गॉसेटने १९०६-०७ ला लंडनला जाऊन कार्ल पिअर्सनकडे अभ्यास केला आणि उत्तर काढलं. गणित पुरेसं होतं का ते तपासायला त्याने काय केलं बघा. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी, हे आकडे आधी कुणीतरी छापलेले होते. त्याने ते कार्डांवर लिहिले, पत्त्यांसारखे पिसले, आणि चार-चारचे ७५० गट पाडले. कॉम्प्युटर यायच्या कित्येक वर्षं आधी, हाताने केलेलं सिम्युलेशन! माझा त्याला साष्टांग नमस्कार.

१९०८ ला निबंध छापला गेला, पण नाव गॉसेटचं नाही. कर्मचाऱ्यांनी संशोधन उघड करायचं नाही असा कंपनीचा दंडक होता, म्हणून लेखकाचं नाव फक्त 'स्टुडंट'. तीच ती स्टुडंटची टी-टेस्ट.

माझा चुलतभाऊ, त्याच काकांचा मुलगा, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतो. कपाशीच्या प्लॉटवर खताचे प्रयोग, टी-टेस्ट लावा, निष्कर्ष लिहा, हे त्याचं रोजचं. त्यांच्याकडे 'पानसे-सुखात्मे' असं एक जुनं पुस्तक आहे, शेतीसाठीच्या संख्याशास्त्राचं, १९५४ चं. त्यातले सुखात्मे म्हणजे पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, गॉसेट शिकला त्याच लंडनच्या कॉलेजात पुढे जाऊन शिकलेले. मी भावाला म्हणालो, "तुझी ती टी-टेस्ट दारूच्या कारखान्यातून आलीय माहितेय का?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबाले काई उपेग नाई झाला पण." आणि आम्ही विषय बदलला.

तर माझं काय झालं. दोन आठवडे मी बाटल्यांना शिव्या घालत होतो. मग रूममेटच म्हणाला, त्याच्या शांत परभणी स्टाइलमध्ये, "अरे पण बाटल्या तर आधीच्या तीन बॅचलाही ह्याच होत्या ना?" त्याच होत्या. खरं म्हणजे त्या चांगल्या जाड होत्या.

मी वही घेऊन बसलो. आठवून आठवून तारखा लिहिल्या. ती चौथी बॅच मी नवव्या दिवशी बाटल्यांत भरली होती, कारण बुडबुडे थांबले होते. पण त्याआधीचे तीन दिवस आम्ही गॉलवेला फिरायला गेलो होतो आणि जाताना हीटिंग बंद केलं होतं. यीस्ट झोपलं होतं, संपलं नव्हतं. हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी असते, ती द्रवात सोडली की किती साखर उरलीय ते कळतं. मी एकदाच बघितली होती, आकडा १.०२० होता. तो १.०१२ च्या आसपास यायला हवा होता. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा सारखा आकडा आला की मगच बाटली भरायची, हा पहिल्या पानावरचा नियम. मी गॅससाठी वरून साखर घातली, बाटल्या बंद केल्या, आणि हीटरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवल्या. उरलेली साखर, वरची साखर, ऊब. बाटलीने सोसायच्या दुपटीच्या आसपास गॅस झाला असणार.

आणि आंबटपणा? उरलेल्या बाटल्या रिकाम्या केल्यावर बादली फेकायला काढली. तिच्या तळाशी नळ होता. सहज फिरवून काढला. त्याच्या आट्यांमध्ये तपकिरी, बुळबुळीत थर. चार बॅच मी बादली घासत होतो आणि नळ कधी उघडलाच नव्हता.

इथे थांबलो असतो तर नळाचंही यीस्ट आणि माल्टसारखंच झालं असतं, आणखी एक मत. म्हणून पाचवी बॅच केली, वीस लिटर, एकाच पातेल्यात. अर्धी त्या जुन्या बादलीत, तिच्या त्याच न धुतलेल्या नळासकट. अर्धी बिननळाच्या नव्या बादलीत. यीस्ट एकाच पाकिटातलं, मोजून निम्मं निम्मं. दोन्ही शेजारी शेजारी, थंड खोलीत, वर चिठ्ठी. रूममेटला सांगितलं नाही कुठली कुठली. सतराव्या दिवशी त्याने दोन ग्लासांचा वास घेतला, एक लगेच लांब ढकलला, आणि दुसरा दोन घोट पिऊन म्हणाला, "ही पिण्यासारखी आहे." पट्टी सुटलेली होती, तळव्यावर गुलाबी रेघ.

हो, दोन बादल्यांवरून गॉसेट निष्कर्ष काढू देणार नाही, माहितेय. पण सहावी बॅच करायला वेळ मिळाला नाही. प्रोजेक्ट संपला, मी पुण्याला परत आलो. वही आहे, पाच नोंदींची. इथे पुढची होणार नाही.

घरी हे सांगायचं नव्हतं. पण रूममेटच्या आईने कुठल्याशा फोनवर माझ्या आईला सगळं सांगून टाकलं. दिवाळीत वरवटला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताक घुसळता घुसळता म्हणाली, "मले सांग बरं, ते नेमकं काय करून रायला होता तू थ्या बादल्यांत." मग मी ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं. जव, मोड, कुरडईचा गहू, म्युनिकहून विरजण घेऊन निघालेला माणूस. विरजणाच्या गोष्टीला ती हसली. "इर्जनासाठी इतकं लांब गेला बाप्पा!" नळाच्या गोष्टीला हसली नाही. माठाच्या तोटीकडे बघत राहिली आणि दुपारी ती काढून उन्हात वाळत घातली. बाटलीचं सांगितलं तेव्हा उठून आत गेली.

काकांबद्दल आम्ही बोललो नाही.

आता दर रविवारी फोन झाला की शेवटी एकदा विचारतेच, "त्या पोराचा हात कसा हाय?" बरा आहे म्हणतो. खरंच बरा आहे. थंडीत जरा आखडतो म्हणतो तो, बाकी काही नाही.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात.